फटफटी बिघडनी का?

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि गेली दोन वर्षं सायकलवर आहे. पूर्वी एखादा माणूस दारूवर असायचा किंवा एखादा बुवांवर असायचा, तसा. आषाढात चार दिवसांची सुटी काढून तो साक्रीला आला, तो गाडीच्या टपावर सायकल बांधून. आल्या आल्या पाया पडला, सायकलची दोन्ही चाकं काढली आणि उरलेला सांगाडा उचलून थेट देवघराशेजारी नेऊन टेकवला.

"मामा, ही बाहेर नाही ठेवायची हं. कार्बन आहे."

आमच्या घरात आजवर कार्बन फक्त पावतीपुस्तकात असायचा. सायकलची किंमत त्यानं मला हळूच सांगितली. मी बायकोला त्याहून हळू आणि निम्मी करून सांगितली. तरी तिनं देवाकडे पाहून हात जोडले.

भाच्याची मागणी साधी होती. त्याला गाड्या नसलेला, शांत आणि जमल्यास ऐतिहासिक रस्ता हवा होता. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात आता सायकल चालवायची तर पहाटे साडेचारला उठून, चोरी करायला निघाल्यासारखं गुपचूप गावाबाहेर पडावं लागतं, आणि सात वाजायच्या आत परत यावं लागतं. मी म्हटलं, "अरे, साक्रीत शांत रस्ता शोधावा लागत नाही. एक हायवे तेवढा टाळायचा."

हा हायवे म्हणजे जुना सहा नंबर, आताचा त्रेपन्न. हजिऱ्याहून निघून धुळे, नागपूर करत पार पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारा. या पट्ट्यातून जाण्याची खोड लोकांना जुनी आहे. १६१५ साली इंग्रजांचा वकील थॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपूरला निघाला तो नंदुरबारवरूनच. पुढे ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच बाजूनं गेला, आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असं लिहून गेला. आता नवापूरकडून जे येतं त्याला डिझेलचा वास असतो. तेव्हा तो रस्ता बाद.

मी त्याच्यापुढे तीन वाटा ठेवल्या. पहिली कोंडाईबारी घाटाची. घाट देखणा, पण तिथे ट्रकच्या मागे चढायचं आणि ट्रकच्या पुढे उतरायचं. दुसरी पिंपळनेरकडे, पांझरेच्या अंगानं. तिथे फडाचे बंधारे आहेत. नदीवर लहानसा बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी फिरवायला गावानंच नेमलेला पाटकरी. तीनशे वर्षांच्या आसपासची ही व्यवस्था, आणि ती सरकारनं बांधलेली नाही, त्यामुळे बरीच वर्षं चालली. भाच्यानं विचारलं, "फोटो चांगले येतील का?" मी म्हटलं, पाण्याच्या न्यायाचा फोटो कसा येणार बाबा. मग तिसरी वाट ठरली. साक्रीहून भामेर, पुढे निजामपूर-जैताणे, दुसाणे करत बळसाण्याची देवळं आणि त्याच वाटेनं माघारी. किल्ला, लेणी, देवळं आणि दोन तासांतून एक एसटी.

"तुम्ही पण चला ना मामा," तो म्हणाला. माझ्याकडे वडिलांची अ‍ॅटलास आहे. काळी, दांडीची, मागे कॅरिअर, पुढे डायनॅमो. वडील शिक्षक होते आणि ही सायकल त्यांनी माझ्या आईहून अधिक जपली, असं आईचं म्हणणं होतं. अ‍ॅटलासचा सोनीपतचा कारखाना १९५१ साली निघाला. अख्ख्या देशाच्या पोस्टमनना, दूधवाल्यांना आणि मास्तरांना तिनं वाहिलं, आणि २०२० च्या ३ जूनला कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. ३ जून हा जागतिक सायकल दिन. आपल्याकडे दिन पाळायची पद्धत अशी आहे.

आदल्या संध्याकाळी मी सायकल दुकानात नेली. चाकांचे आऊट काढले, ब्रेकचे गुटके बदलले, चेनला तेल पाजलं. दुकानदार म्हणाला, "मास्तरांची सायकल ना? हिला काही होत नाही. बसणाऱ्याचं बघा."

सकाळी साडेपाचला आम्ही निघालो. भाच्याच्या अंगाला चिकटलेला पोपटी बनियन, खाली काळी चड्डी, तिच्या बुडाला उशी शिवलेली. डोक्यावर भोकाभोकांचं टोपरं, डोळ्यांना केशरी काच. मी पायजमा मोज्यात खोचला होता. गल्लीतली कुत्री, जी मला रोज ओळखतात, त्यांनी त्या दिवशी ओळख दाखवली नाही.

चौकात चहाची टपरी नुकती उघडत होती. बाकावर नाना बसले होते. नाना कधी घरी जातात हे कुणाला माहीत नाही. त्यांनी माझी सायकल पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि मनापासून काळजीनं विचारलं,

"काबरं भाऊ? फटफटी बिघडनी का?"

हा त्या दिवसातला पहिला प्रश्न. शांत रस्त्याची गोष्ट इथूनच फसत गेली, पण हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही.

गाव सुटलं आणि भाचा खूश झाला. खरंच सुंदर होतं. रात्री पाऊस पडून गेलेला, डोंगर धुऊन वाळत घातल्यासारखे, दोन्ही बाजूंना वीतभर बाजरी आणि मका. अर्ध्या तासात एक ट्रॅक्टर आणि एक दूधवाला, एवढीच रहदारी. पण त्या दूधवाल्यानं गाडी आमच्या बरोबरीनं आणली, वेग कमी केला आणि कॅन खडखडत असताना ओरडून विचारलं, "पेट्रोल सरनं का?" मी नाही म्हटल्यावर त्याला वाटलं मी लाजतोय. "बठ मांगे, सोडी देस तुले," म्हणाला. सायकलवर बसलेल्या माणसाला मागे बसवून सोडण्याची ही तयारी. सायकलचं काय करायचं हा त्याच्या लेखी दुय्यम प्रश्न होता.

हायवेवर तुम्ही तासभर सायकल चालवलीत तर शे-दोनशे गाड्या जातील, पण एकही माणूस तुम्हाला काही विचारणार नाही. मोकळ्या रस्त्यावर गाड्या नसतात हे खरं, पण त्यामुळे बघण्यासारखं दुसरं काहीच नसतं. बांधावरच्या माणसाला सकाळपासून एक बगळा आणि दोन म्हशी दिसलेल्या असतात. त्यात आपण उगवलो की आपणच त्या दिवसाची बातमी. ती बातमी तो अर्धवट कशी सोडणार?

ओट्यावरच्या म्हातारीनं विचारलं, "माय वं, इतला सकायमा कथा चालनात?" विहिरीवरच्या माणसानं भाच्याच्या कपड्यांकडे बराच वेळ पाहून सहानुभूतीनं विचारलं, "डाक्टरनी सांगेल शे का?" भाचा पुण्यात वाढलेला, त्याला अहिराणी येत नाही. मी भाषांतर केलं. तो नम्रपणे म्हणाला, "नाही काका, फिटनेससाठी." काकांनी विचार केला आणि म्हणाले, "मंग वावरमा ये ना. निंदाले मानसं भेटतस नही." हे मात्र मी भाषांतरित केलं नाही. बहिणीचा मुलगा आहे.

मग मेंढरं आली. ठेलारी मेंढपाळांची तीनेकशे मेंढरं सबंध रस्ता भरून, अगदी सावकाश. आम्ही उतरून उभे राहिलो. भाच्यानं मनगटावरचं घड्याळ दाबून थांबवलं, नाहीतर म्हणे सरासरी पडते. पुण्यात सिग्नललाही तो हेच करतो. एका कोकराला त्याच्या पोपटी बनियनचा रंग ओळखीचा वाटला असावा. त्यानं चावून पाहिलं.

भामेर तीन डोंगरांच्या कुशीत बसलंय. घोड्याच्या नालेसारखे डोंगर, मध्ये गाव, वर किल्ला, डोंगराच्या पोटात कोरलेली लेणी आणि टाकी. अहिर राजांची ही राजधानी होती असं सांगतात. पण राजधानीपण सांगावं लागत नाही, पायाखाली लागतं. कोरीव दगड इथे इतके पडलेत की लोक त्यांच्यावर बसतात, धुणं धुतात आणि शेळ्या बांधतात. भाच्यानं कोरीव दरवाज्याला सायकल टेकवली आणि फोटोसाठी दहा पावलं मागे गेला. तेवढ्यात पाच-सहा पोरं जमली. त्यातलं एक, नाक पुसत, सायकलभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालून आलं.

"घंटी कुठंय?"

"नाहीये."

"स्टँड?"

"नसतं याला."

"कॅरिअर? मडगार्ड? चेनकव्हर? कुलूप?"

भाचा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. पोराचा चेहरा उतरला. त्यानं अ‍ॅटलासकडे पाहिलं, तिच्या घंटीवर एकदा टिचकी मारली, आणि मग हळू आवाजात मला विचारलं, "यांचं सगळं चोरी गेलं का?"

खरी गंमत यापुढे होती. भामेर-निजामपूर सोडून आम्ही पूर्वेकडे वळलो आणि मी एकाएकी तरुण झालो. पायडल मारावं लागेना. अ‍ॅटलास, जी गेली वीस वर्षं स्वतःच्या वजनाखाली कण्हत होती, ती पोरीसारखी धावायला लागली. भाचा माझ्या बरोबरीला आला आणि घड्याळ दाखवत म्हणाला, "मामा, पस्तीस! तुम्ही पस्तीसनं चाललाय!" मी शर्टाची वरची दोन बटणं उघडली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आपल्यात एक दडलेला सायकलपटू होता, तो नोकरीनं आणि संसारानं मारला, असे विचार मनात येऊ लागले. २०१५ साली नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी दोघांच्या गटात अख्खी अमेरिका सायकलवर ओलांडली होती, ते आठवलं. आपण मात्र दुसाण्यापलीकडे कधी पाहिलंच नाही, याची खंत वाटली.

इथे एक गोष्ट मला आठवायला हवी होती. महाराष्ट्रात वारा कुठे कुठे बेफाम सुटतो हे शहाण्या माणसांनी यंत्रं लावून मोजलं. त्यातून जी मोजकी ठिकाणं निघाली त्यात आमच्या तालुक्यातलं ब्राह्मणवेल. म्हणून तर छडवेलच्या बाजूला डोंगरमाथे पवनचक्क्यांनी भरलेत. ऊन कुठे सडकून पडतं हेही मोजलं आणि २०१३ साली महानिर्मितीनं १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा केला, तोही आमच्याच तालुक्यात, शिवाजीनगरला. जिथलं ऊन आणि वारा सरकारला विकत घ्यावासा वाटतो, तिथे माझा भाचा मोकळी हवा खायला आला होता. आणि आषाढातला वारा पश्चिमेकडून येतो. आम्ही पूर्वेला चाललो होतो. माझं तारुण्य म्हणजे पाठीमागचा वारा होता.

दुसाण्याच्या अलीकडे भाच्याचं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. खानदेशातल्या बाभळीला कार्बन आणि लोखंड हा भेद कळत नाही. पहिलं पंक्चर त्यानं निजामपूरजवळच काढलं होतं, तेही मोठ्या ऐटीत. खिशातून नवी ट्यूब आणि अंगठ्याएवढी गॅसची नळी काढली, फुस्स केलं आणि दोन मिनिटांत चाक टणक. पण ट्यूब एकच होती आणि गॅसची नळीही एकच. आता आम्ही सायकली ढकलत दुसाण्यात पोचलो. टायरची माळ टांगलेली एक टपरी दिसली. आत सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, समोर घमेल्यात काळं पाणी.

त्यानं ट्यूब काढली, घमेल्यात फिरवली, बुडबुडा सापडला तिथे आगपेटीच्या काडीनं खूण केली, घासली, सोल्युशन लावलं, फुंकर मारत थांबला आणि पॅच ठोकला. पाच मिनिटं. मग हवेची नळी घेऊन आला आणि थबकला. भाच्याच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पेन्सिलीच्या टोकाएवढा बारीक, फ्रेंच धाटणीचा. कॉम्प्रेसरच्या नळीचं तोंड मोटारसायकलच्या मापाचं. नळी नुसतीच फुसफुसली.

"याला अ‍ॅडाप्टर लागतो," भाचा म्हणाला.

"कुठंय?"

"पुण्याला. घरी."

पोरगा उकिडवा बसला. व्हॉल्व्हवरचं प्लॅस्टिकचं टोपण त्यानं काढलं, डोळ्याजवळ नेऊन फिरवलं, दातात धरलं. खिशातून अर्धं ब्लेड काढलं आणि टोपणाचा शेंडा तांदळाएवढा कापला. आरपार भोक पडलं. मग व्हॉल्व्हचा खिळा सैल केला, ते टोपण उलटं करून व्हॉल्व्हवरच फिरवून बसवलं, आणि त्या जाड झालेल्या गळ्यावर नळी दाबली. हवा गेली. थोडी बाजूनं गळत होती, पण गेली. चाक बोटानं वाजवून पाहून तो म्हणाला, "वीस रुपये."

भाचा त्या कापलेल्या टोपणाकडे पाहत राहिला. त्याच्या कंपनीत एवढ्या कामाला तीन बैठका लागतात, असं तो नंतर म्हणाला. पोरानं मात्र इतका वेळ दाबून ठेवलेला प्रश्न आता विचारला, "हाई सायकल कितलाले लिधी?" भाच्यानं खरा आकडा सांगितला. टपरीत शांतता पसरली. दिवसभरात मिळालेली पहिली शांतता. मग मागच्या बाजेवरून, चादरीच्या आतून, कुणाचा तरी आवाज आला, "इतलामा तं फटफटी ई जाती."

बळसाण्याला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. बुराई नदीकाठचं हे गाव. हेन्री कझेन्सच्या दख्खनमधल्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या १९३१ सालच्या पुस्तकात इथल्या देवळांना जागा आहे. आम्ही यांना हेमाडपंती म्हणतो. खरं म्हणजे हेमाडपंत तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. त्याच्या जन्माआधी उभी असलेली देवळंसुद्धा आपण त्याच्याच खात्यावर टाकलीत. गावात एखादा पुढारी असला की आधीचे बोअरवेलही त्याच्याच नावावर जातात, तसं. विमलनाथाच्या जैन तीर्थाकडे गाड्या येतात, तिथे गजबज असते. या जुन्या देवळांकडे मात्र कुणी नव्हतं.

खांबांवरची नक्षी पावसानं भिजून गडद झाली होती. आत पाकोळ्यांचा वास, बाहेर गवतात टिटवी. एक दगड दुसऱ्यावर असा बसलाय की मध्ये नखही जाणार नाही. मी चौथऱ्यावर टेकलो आणि खांबाला पाठ लावली. दगड गार होता. भाचाही गप्प बसला, घड्याळ न दाबता. इतिहासकार राजवाडे जुन्या कागदपत्रांसाठी गावोगाव पायपीट करत आणि शेवटी आमच्या धुळ्यातच १९२६ साली गेले, हे मी त्याला सांगणार होतो, पण सांगितलं नाही. जे शोधायला तो एवढा पुण्याहून आला होता, ते समोर होतं. चाळीस सेकंद असेल, फार तर मिनिट.

"कथाईन उनात?"

देवळामागून एक टोपी उगवली. हातात विळा. मी साक्रीहून म्हटलं. त्यांनी दोन्ही सायकली पाहिल्या, आकाशाकडे पाहिलं, वाऱ्याची दिशा पाहिली आणि फक्त एवढंच विचारलं, "आणि परत?"

परतीबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. वारा तोंडावर होता. भाच्यानं मला समजावलं, वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, लागणारी ताकद घनानं. मी म्हटलं, बाबा, मला वर्ग आणि घन करता येत नाही, पण मांडीला कळतंय. सकाळी पस्तीसनं धावणारा सायकलपटू आता अकरावर आला होता आणि तोही उतारावर. वडील याच सायकलवर रोज शाळेत जायचे. जाताना वारा समोर असायचा की मागे, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मग भाच्यानं एक शास्त्रीय सूचना केली. पुढचा माणूस वारा अडवतो, मागच्याला तीसेक टक्के तरी कमी ताकद लागते. शर्यतीत आळीपाळीनं पुढे राहतात. "मामा, तुम्ही पुढे व्हा." मी पुढे झालो. आळीपाळीची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की तो इतका किडकिडीत आहे की त्याच्या मागे वारा अडतच नाही. म्हणजे पुढेही मीच. गेली पंचवीस वर्षं माझ्या ज्या देहाबद्दल बायको बोलत आली, त्याचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग होत होता. मागून भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या मागे एकदम मस्त वाटतं." हे वाक्य त्याच्या आईनं माझ्याबद्दल कधी म्हटलं नव्हतं.

या पोरानं दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी केलेली, त्याचं पदक घरी भिंतीवर आहे. पण ब्रेव्हेवाले मार्ग आखतात तेव्हा पवनचक्क्यांना विचारत नसावेत. निजामपूर आलं तेव्हा त्याचा चेहरा डोळ्यांवरच्या काचेच्या रंगाचा झाला होता. दूर डोंगरावर पवनचक्क्या झपाझप फिरत होत्या. आमच्या वाट्याचा वारा मोजून घेऊन वीज कुणाच्या तरी घरी जात होती.

जैताण्याच्या बाजूनं एक पिकअप आली. मागे कांद्याच्या गोण्या. ड्रायव्हरनं वेग कमी केला, बाहेर डोकं काढलं. काय विचारणार हे मला पाठ होतं. पण त्यानं काही विचारलंच नाही. नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "बठा मांगे."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर भाचा फाळका खाली पाडून वर चढला होता. देवघराशेजारची कार्बनची सायकल त्यानं स्वतःच्या हातानं कांद्याच्या गोणीवर आडवी टाकली. अ‍ॅटलास चढवायला तिघं लागले. गोण्यांवर पाय सोडून आम्ही साक्रीकडे निघालो. ड्रायव्हर पैसे घेईना. त्याला फक्त हे कळायला हवं होतं की आम्ही कशासाठी गेलो होतो. मी म्हटलं, देवळं बघायला. "मंग फटफटीवर काबरं नही गयात?" म्हणाला. भाच्याला आता अहिराणी कळायला लागली होती. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

रात्री जेवताना त्यानं एकदम ओरडून फोन माझ्यापुढे धरला. घड्याळ बंद करायचं राहूनच गेलं होतं. अ‍ॅपनं निजामपूर ते साक्री या टप्प्यावर त्याला पहिला क्रमांक दिला होता, ताशी चौपन्न किलोमीटर. मी विचारलं, दुसरा कोण आहे. दुसरा कुणी नव्हता. त्या टप्प्याची नोंद करणारा आजवर तो एकटाच. "डिलीट करतो," तो म्हणाला. शेवभाजी संपेपर्यंत त्यानं केलं नव्हतं. पुण्याच्या चार मित्रांचे अंगठे आले होते. बायकोनं ताटात कळण्याची भाकरी टाकत विचारलं, कांद्याचा वास कशाचा येतोय. त्याच्या टोपऱ्याच्या भोकांत पात अडकली होती.

दुसऱ्या दिवशी मला खुर्चीवरून उठताना दोन हात लागत होते. दूध आणायचं होतं. मी मोटारसायकल काढली, किक न मारता बटणावर सुरू केली आणि अलगद चौकात आलो. टपरीवर नाना होतेच. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मागेपुढे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर कालचीच काळजी.

"काबरं भाऊ? सायकल बिघडनी का?"